पट विसाचा, कारभार मुंबईचा

2024 च्या जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांना 'एक राज्य, एक गणवेश' योजना लागू झाली होती. त्याआधी गणवेशाचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर यायचे, एका गणवेशाला 300 रुपये, दोन जोडांचे 600. समिती तालुक्याच्या बाजारातून कापड आणायची, जवळपासचा शिंपी मुलांची मापं घ्यायचा आणि एखाद्याचा सदरा आखूड झाला तर तो दुसऱ्या दिवशी त्याच शिंप्याकडे परत जायचा. नव्या योजनेत कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली आणि नियमित गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली. स्वातंत्र्यदिन उजाडला तरी कितीतरी शाळांत गणवेश पोचले नव्हते. जे पोचले त्यांत मापांचे घोळ होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शासनाने निर्णय फिरवला आणि हे काम पुन्हा समित्यांकडे दिलं.

बचत गटांतल्या बायकांचा यात दोष नव्हता. अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या पोराच्या खांद्याचं माप मुंबईत बसून ठरवायचं, दोष या विचारात होता. गणवेशाचं एक बरं असतं, चूक अंगावर दिसते. बाही लोंबते, गुंडी लागत नाही, पालक ओरडतात, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि काही महिन्यांत निर्णय बदलतो. पण अशाच वरून ठरलेल्या ज्या चुका मुलाच्या अंगावर दिसत नाहीत त्या फिरवायला कोण येणार? तिसरीतल्या मुलीला दुसरीचा धडा वाचता येत नाही, याचा फोटो निघत नाही.

गावातल्या लहान शाळेचं दुखणं पैशाच्या तुटवड्यात आहेच, पण त्याहून जास्त ते कारभाराच्या अंतरात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना शाळेचं बरंवाईट रोज दिसतं त्यांच्या हातात काही नाही. ज्यांच्या हातात सगळं आहे त्यांना शाळा दिसत नाही, शाळेची 'माहिती' दिसते.

ही शिडी एकदा नीट बघितली पाहिजे. तळाशी शाळा, आणि बहुतेक वेळा ती दोन शिक्षकांची. दहा-पंधरा शाळांचं एक केंद्र आणि त्याला केंद्रप्रमुख. काही केंद्रांचं मिळून बीट, त्याला शिक्षण विस्तार अधिकारी. मग तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, त्याच्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी. त्यापुढे पुण्यातली संचालनालयं, शिक्षण आयुक्त आणि शेवटी मंत्रालय. एवढ्या पायऱ्या असूनही त्या दोन शिक्षकांच्या शाळेला मुख्याध्यापक मात्र नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पट 150 च्या वर गेला तरच प्राथमिक शाळेला मुख्याध्यापकाचं पद. म्हणजे जिथे नेतृत्वाची गरज सर्वांत जास्त, तिथे ते काम कुणातरी सेवाज्येष्ठ शिक्षकाच्या अंगावर 'प्रभारी' म्हणून येतं आणि त्याच वेळी तो दोन वर्गही शिकवत असतो.

वर ओढणं आणि खाली सोपवणं, हा खेळ आपल्याकडे जुना आहे. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. शेतकऱ्यांच्या श्रमातून सरकारला महसूल मिळतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, ही त्यांची तक्रार होती. जो पैसा देतो त्याच्या दारात शाळा हवी, हे त्यांचं मागणं कारभाराबद्दलचंच होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा आदेश काढला. ब्रिटिश मुंबई इलाख्यात 1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपवल्या, तर 1947 च्या कायद्याने सरकारने त्यांतला बराच कारभार पुन्हा आपल्या हाताखाली आणला. मग वसंतराव नाईक समितीचा अहवाल आला, 1961 चा जिल्हा परिषद अधिनियम झाला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. गावातून निवडून गेलेला माणूस शिक्षण समितीत बसेल आणि आपल्या गटातल्या शाळेचं गाऱ्हाणं तिथे मांडेल, ही त्यामागची कल्पना. ती चांगली होती. मी आजही तिच्या बाजूचा आहे.

पण ती जमिनीवर कशी उतरली, हेही सांगायला हवं. बदल्यांचा हंगाम आला की सभापतींच्या दारात शिक्षकांच्या रांगा लागत. कुणाला तालुक्याजवळची शाळा हवी, कुणाला नवरा-बायको एकत्र हवे, आणि यांतलं काय कुणाला मिळेल हे गरजेवर क्वचितच ठरे. डोंगरातल्या शाळेवर जायचं ते ज्याचा वशिला नाही त्याने. 2017 मध्ये राज्याने जिल्ह्यांतर्गत बदल्या संगणकीय पद्धतीने करायला सुरुवात केली, अवघड क्षेत्र आणि सोपं क्षेत्र अशी वर्गवारी केली, तेव्हा अनेक शिक्षकांनी सुटकेचा श्वास टाकला. हे अधिकार वर नेणं योग्यच होतं. भरतीचंही तसंच. शिक्षकभरतीच्या 'पवित्र' पोर्टलने प्रत्येक जिल्ह्यातली चिठ्ठ्याचपाट्यांची दारं बरीच बंद केली.

म्हणून 'सगळं गावाकडे द्या' असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. गाव म्हणजे एकजीव, निर्मळ समाज नव्हे. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष कोण होणार हे सरपंचाच्या वाड्यावर ठरतं, वस्तीवरच्या मुलांना पोषण आहाराच्या पंगतीत कुठे बसवायचं यावरून आजही कुरबुरी होतात, स्वयंपाकाचं काम कोणत्या जातीच्या बाईला मिळालं यावर बहिष्काराची भाषा निघते. या गोष्टींचा निवाडा गावावर सोडला तर दुबळ्याचं पोर मरतं. तिथे कायदा लांबून आणि कडकपणे यायला हवा.

शिक्षकाची नेमणूक, बदली, पगार, भेदभावावरची कारवाई या गोष्टी लांबून झाल्या तर त्यांत न्याय होण्याची शक्यता वाढते, कारण तिथे ओळखपाळख आड येता कामा नये. शिक्षकाचा दिवस कसा जावा, शाळेला मिळालेले चार पैसे कशावर खर्च व्हावेत, कोणत्या मुलाकडे या महिन्यात जास्त लक्ष द्यायचं, या गोष्टी लांबून ठरल्या की हमखास बिघडतात, कारण त्यांना ओळखपाळखच लागते. पूर्वी पहिल्या प्रकारच्या गोष्टी गावपुढाऱ्यांच्या हातात होत्या. त्या काढून घेतल्या, ते चांगलं केलं. पण त्या लाटेत दुसऱ्या प्रकारच्या गोष्टीही वर गेल्या आणि त्या परत देण्याची कुणाला घाई नाही.

शिक्षकाच्या वेळेचंच घ्या. पहिली ते चौथीच्या शाळेत पहिली-दुसरीला मराठी, गणित, इंग्रजी आणि तिसरी-चौथीला त्यात परिसर अभ्यास धरला तर चार वर्गांचे मिळून चौदा विषय होतात. कला, कार्यानुभव, खेळ वेगळे. हे दोन माणसांनी करायचं. त्यातला एक तालुक्याला बैठकीला गेला की चारही वर्ग एकाकडे, आणि मग दुसरी-तिसरीची पोरं फळ्यावरचं उतरवत बसतात. उरलेल्याच्या फोनवर सकाळपासून संदेश येत असतात: अमुक लिंक आजच भरा, तमुक उपक्रमाचे फोटो टाका, पोषण आहाराची नोंद दुपारपर्यंत करा, वृक्षारोपणाचा अहवाल तातडीने. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम लावायला मनाई केली आहे. पण 'माहिती भरणं' हे अशैक्षणिक काम समजलंच जात नाही. वरच्या प्रत्येक पायरीला खालून काहीतरी मागावं लागतं, कारण तिला आपल्या वरच्या पायरीला काहीतरी द्यायचं असतं, आणि मागण्यांचा हा सगळा भार शेवटी ज्या एका माणसावर येतो त्याच्यासमोर त्या क्षणी वीस मुलं बसलेली असतात.

केंद्रप्रमुखाचं पद 1994 च्या सुमारास निर्माण झालं तेव्हा त्याने शाळांत फिरावं, शिक्षकाला शिकवण्यात मदत करावी, आदर्श पाठ घ्यावा, अशी अपेक्षा होती. या पदांपैकी बरीच वर्षानुवर्षं रिकामी राहिली, एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा भार आला आणि जे पदावर होते ते हळूहळू टपाल वाहणारे झाले. वरून आलेलं पत्र खाली आणि खालून आलेला तक्ता वर. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतलं प्राथमिक शिक्षणाच्या कारभारातलं सर्वांत मोठं नुकसान हे आहे. शिक्षकाच्या सर्वांत जवळचा, त्याला शिकवण्याबद्दल काही सांगू शकेल असा एकमेव अधिकारी आपण कारकून करून टाकला.

शिक्षकाजवळचा अधिकारी कारकून न होता जिवंत राहिला तर काय होतं, ते एका पायरीवर वर, साताऱ्याच्या कुमठे बीटने दाखवलं. प्रतिभा भराडे तिथे शिक्षण विस्तार अधिकारी होत्या. चाळीसेक शाळांचं ते बीट. तपासणी करून शेरे मारण्याऐवजी त्या शिक्षकांबरोबर बसून मूल कसं शिकतं याचा विचार करू लागल्या. मुलं जमिनीवर गटांत बसून साहित्य हाताळत शिकू लागली, आणि प्रत्येक मुलाला काय येतं हे शिक्षकाला माहीत असायचं. राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. जून 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, त्यामागे या कामाची प्रेरणा होती.

त्यानंतर जे झालं तेही तितकंच शिकण्यासारखं आहे. हजारो शाळांच्या फरशांवर अक्षरांची वर्तुळं, अंकांच्या चौकटी, सापशिड्या रंगवल्या गेल्या. काही शाळांत त्यांवर मुलं खरोखर शिकली. कितीतरी शाळांत रंग तेवढा राहिला. कुमठ्यात जे घडलं होतं ते रंगामुळे घडलं नव्हतं. एक अधिकारी वर्षानुवर्षं त्याच शाळांत जात राहिली, शिक्षकांनी तिच्यावर विश्वास टाकला आणि आपलं चुकतंय हे तिच्यापुढे कबूल करायला ते घाबरले नाहीत, म्हणून ते घडलं. फरशीचा रंग परिपत्रकाने पोचवता येतो. हा विश्वास पोचवता येत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेची गोष्टही अशीच. बंद पडायच्या बेतात आलेली ही जिल्हा परिषदेची शाळा शिक्षक आणि ग्रामस्थ यांनी मिळून उभी केली, आणि 2025 मध्ये जगातल्या उत्तम शाळांसाठीच्या पुरस्कारांत लोकांच्या मतांनी दिलं जाणारं पारितोषिक तिला मिळालं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझचे मानकरी ठरले. या बातम्यांनी मला मनापासून आनंद होतो. पण त्यांच्या आधाराने 'शिक्षकाने मनावर घेतलं की सगळं होतं' असं जेव्हा अधिकारी भाषणात म्हणतात तेव्हा ते आपली जबाबदारी झटकत असतात. वीस-पंचवीस वर्षं रोज सायकल-दुचाकीवरून वस्तीवर जाणाऱ्या साध्या, प्रामाणिक शिक्षकालाही जिथे चांगलं शिकवता येतं ती व्यवस्था चांगली. असामान्य माणसांवाचून न चालणारी व्यवस्था मुलांच्या भरवशाची नाही.

आता पटाकडे येतो. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या 14,783 शाळा आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुलं, असा आकडा काही वर्षांपूर्वी पुढे आला. 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करायचा निर्णय झाला होता. 2023 मध्ये 'समूह शाळे'ची कल्पना आली: पानशेत आणि तोरणमाळच्या अशा शाळांचं उदाहरण घ्यावं, लहान शाळा एकत्र करून एक मोठी, सुसज्ज शाळा करावी, मुलांना बसने आणावं.

या कल्पनेला मी सरसकट झोडपणार नाही. चार मुलांच्या शाळेत मुलाला भांडायला, खेळायला, बरोबरीने शिकायला सोबती मिळत नाही, हे खरं आहे. कुठे दोन शाळांत अर्ध्या किलोमीटरचं अंतर असतं, मध्ये ओढा नसतो, रस्ता चांगला असतो, तिथे त्या एकत्र कराव्यात. पण हे त्या ओढ्याकाठी उभं राहूनच ठरू शकतं. पावसाळ्यात तो ओढा किती दिवस चढलेला असतो, ऊसतोडीच्या हंगामात आईबाप नसताना सहा वर्षांच्या मुलीला बसथांब्यापर्यंत कोण सोडणार, हे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यू-डायसच्या रकान्यात नसतं. आणि विसाचा आकडा आला कुठून? राज्याच्या 2011 च्या नियमावलीत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या परिसरात शाळा स्थापन करताना किमान वीस मुलं असावीत असं म्हटलं आहे. ती शाळा उघडण्याची अट होती. उघडण्याची अट हीच बंद करण्याची अट होऊ लागली तर कायद्याचा अर्थच उलटा होतो.

शिवाय पट का घटतो? जन्मदर उतरला, लोक शहरांकडे गेले, हे आहेच. पण खाजगी इंग्रजी शाळेची पिवळी बस रोज सकाळी वस्तीवर येते, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत एक जागा दोन वर्षं रिकामी असते. 2012 पासून शिक्षकभरती कित्येक वर्षं जवळजवळ थांबली होती. एका शिक्षकावर चार वर्ग बघून पालक मूल काढतो, पट उतरतो, पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत पद कमी होतं आणि आणखी दोन पालक मूल काढतात. ज्या घटीचं कारण आपण आहोत ती घट दाखवून शाळा बंद करणं मला अन्यायाचं वाटतं.

शाळेची कामगिरी मोजण्याचाही घोळ याच अंतरातून येतो. मुलांना काय वाचता येतं हे तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत 2024 मध्ये देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या सुमारे 27 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. सरकारी शाळांत हे प्रमाण 23.4 टक्के होतं, आणि करोनानंतर 2022 मध्ये ते 16.3 पर्यंत घसरलं होतं. देशाची दिशा कळायला हे आकडे अमोल आहेत, आणि चारांतल्या तीन मुलांना न वाचता आलं तर कुणाचीही झोप उडाली पाहिजे. पण वस्तीवरच्या शाळेत टक्केवारीला अर्थ नसतो. तिसरीत तीन मुलं. एकीला येत नाही, तर निकाल 67 टक्के. तिचं कुटुंब तोडीला गेलं तर निकाल शंभर टक्के. शाळा काही सुधारली नाही. इतक्या लहान शाळेत कामगिरी नावानिशीच मोजता येते: ही मुलगी, हे पान, आज वाचते की नाही. ही लहान शाळेची मोठीच ताकद आहे, कारण वीस नावं दोन माणसांना पाठ असू शकतात. वर मात्र ती वीस नावं टक्क्यांत विरघळून जातात.

मग वर कोण विचारणार? जिल्हा परिषदेची शिक्षण समिती, जिने हे विचारावं म्हणूनच 1962 पासूनची ही सगळी उभारणी होती. 2022 च्या मार्चमध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका लांबत गेल्या, आणि तीन वर्षांहून अधिक काळ मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक राहिले. काही प्रशासकांनी चांगलं कामही केलं. पण या काळात एक मूल पहिलीतून चौथीत गेलं आणि त्याच्या शाळेबद्दल जिल्ह्याच्या सभागृहात प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. गणवेशाचा निर्णय झाला तो याच काळात. निवडणुका नसण्याबद्दल रस्त्यावर जितका आवाज व्हायला हवा होता तितका झाला नाही, याचं मला दुःख आहे.

कायद्यात उपाय नाही असं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया. कलम 22 नुसार समितीने शाळा विकास आराखडा करायचा, आणि शासनाने व स्थानिक प्राधिकरणाने द्यायची अनुदानं त्या आराखड्याच्या आधारे द्यायची. हे शब्द कायद्यात आहेत. प्रत्यक्षात आराखडा शिक्षक एका रात्रीत भरतो, पैसे वरून ठरलेल्या शीर्षांखालीच येतात, आणि 'समग्र शिक्षा' योजनेच्या निकषांनुसार तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला 10 हजार रुपयांचं संयुक्त अनुदान मिळतं. त्यात वीजबिल, खडू, झाडू, नळदुरुस्ती. मोठ्या रकमेची मागणी मी आज करत नाही. आहे त्या रकमेतला एक भाग कोणत्याही शीर्षाशिवाय द्या आणि त्याचा हिशेब शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर लिहा, सगळ्या वस्तीला दिसेल असा. आठवड्यातले चार दिवस सकाळपासून शाळा सुटेपर्यंत कोणत्याही पायरीवरून शिक्षकाकडे माहिती मागायची नाही, असा नियम करा आणि तो मोडणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारा. केंद्रप्रमुखाचं टपाल काढून घ्या. तीन वर्षं एका केंद्रातून त्याला हलवू नका.

आणि समितीची बैठक. मी अशा काही बैठकांना बसलो आहे. बहुतेक सकाळी अकराला होतात, जेव्हा आया खुरपणीला गेलेल्या असतात, आणि मग इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघर फिरते. एका वस्तीवर शाळेच्या बाईंनी बैठक संध्याकाळी साडेसातला ठेवली. अकरा आया आल्या, काही पदराखाली लेकरू घेऊन. मोटारीचं, टाकीचं, पोषण आहारातल्या तांदळाचं बोलून झालं. मग मागे बसलेली एक जण म्हणाली, "बाई, माझ्या पोरीला वाचता येतं का, ते मला इथंच बघायचंय." बाईंनी दुसरीचं पुस्तक आणलं. पोरगी उभी राहून वाचू लागली, मध्ये दोन जोडाक्षरांवर अडली, आणि ज्या आईला स्वतःला वाचता येत नव्हतं ती तिच्या बोटाकडे बघत राहिली. मग दुसरीने आपल्या मुलाला पुढे केलं. इतिवृत्तात हे 'आयत्या वेळचे विषय' या सदरात लिहावं लागलं, कारण विषयपत्रिकेत त्याला जागा नव्हती. पुढच्या महिन्यापासून तो पहिला विषय म्हणून घ्यायचा, असा ठराव त्याच रात्री झाला.